चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : घरी सिंथेसायझर बनवायला किती खर्च येतो?

पैसे वाचवायचे म्हणून कोणी सिंथेसायझर बनवू नये. सात-आठ हजार रुपयांत ६१ पट्ट्यांचा नवा कॅसिओ घरपोच येतो. जुना चालत असेल तर ऑर्केस्ट्रातला कोणी ना कोणी नवा घेताना निम्म्या भावात काढून टाकतो. त्यात शेकडो आवाज आणि ताल तयार असतात. तेवढ्याच पैशांत घरी बनवलेल्या यंत्रातून दोन-तीनच आवाज निघतील. पण ते आवाज कुठून येतात, कशाने फाटतात, कशाने गोड होतात हे बनवणाऱ्याला कळलेले असते, आणि यंत्र बंद पडले तर कुठे पाठवावे लागत नाही. एवढ्यासाठी खर्च करायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी हा हिशेब.

हिशेब कळमेश्वरातून मांडला आहे, कारण या छंदाचा खर्च गावागणिक बदलतो. मुंबईकराला लॅमिंग्टन रोड आहे, पुणेकराला बुधवार पेठ आहे. कळमेश्वरात मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत, डीजेचे ॲम्प्लिफायर जोडणारी मंडळी आहेत, एमआयडीसीमुळे वायरमन आणि फॅब्रिकेशनवाल्यांचाही तोटा नाही. सोल्डर वायर, स्विच, ॲडॉप्टर, स्पीकर एवढे गावातच मिळते. सुट्या आयसींसाठी मात्र वीसेक किलोमीटरवरची सीताबर्डी गाठायची, नाहीतर ऑनलाइन मागवायचे. ऑनलाइनमध्ये पुण्याच्या मॅकफॉस कंपनीचे ‘रोबू’ बऱ्याच जणांच्या ओळखीचे आहे. पण १५ रुपयांच्या आयसीवर ६०-७० रुपये कुरियर लागले की तिचा भाव पाचपट होतो, म्हणून एकेक वस्तू कधीही मागवू नका. खालचे भाव अंदाज बांधण्यापुरते आहेत, पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे धरा. दुकानदार बहुतेक वेळा जीएसटी सोडून भाव सांगतो, तेही ध्यानात असू द्या.

सगळ्या हिशेबातून दिसते ते हेच की आवाज काढणारी चिप सर्वांत स्वस्त असते. पैसा खातात ते फिरवायचे कंट्रोल, नॉब, सॉकेट, वीजपुरवठा आणि खोका. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आधी हत्यारे

हा खर्च एकदाच होतो, पण तो टाळता येत नाही. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न २५० ते ३५० रुपये, ५० ग्रॅम सोल्डर वायर १५० ते २००, साधा डिजिटल मल्टिमीटर २५० ते ३००, कटर-स्ट्रिपर १५०, चुकलेला डाग ओढून काढायचा सक्शन पंप १००, ब्रेडबोर्ड १००, जंपर वायरी ८०. सगळे मिळून हजार ते तेराशे. सोल्डर वायर घेताना ६०/४० मागा, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे. शिशामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि लहान मुलांना टेबलापासून लांब ठेवायचे.

पहिल्याच महिन्यात टेम्परेचर कंट्रोलचे सोल्डरिंग स्टेशन किंवा ऑसिलोस्कोप घेऊ नका. साध्या मल्टिमीटरवर पहिली दोन यंत्रे आरामात होतात. ऑसिलोस्कोप लागेल तेव्हा तो बघायला कुठे जायचे, ते पुढे येईलच.

पहिले यंत्र : पाचशे रुपये

सुरुवात सीडी ४०१०६ या आयसीपासून करावी. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर असतात. एकेका इन्व्हर्टरच्या आउटपुटपासून इनपुटला एक रेझिस्टर आणि इनपुटपासून ग्राउंडला एक कपॅसिटर लावला की तो आपोआप दोलायमान होतो, म्हणजे वाजू लागतो. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा घ्या, त्याच्या अंगावर १०४ छापलेले असते. रेझिस्टरच्या जागी १०० के चा कंट्रोल लावला की तो फिरवून सूर वर-खाली करता येतो. कंट्रोलला ४.७ के चा एक रेझिस्टर ओळीत जोडा, नाहीतर शेवटच्या टोकाला कंट्रोल शून्यावर जाईल आणि सूर ऐकू येण्याच्या पलीकडे पळेल. असे सहा केले की सहा सुरांचा ड्रोन तयार होतो. एकाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मुद्दाम हळू केले आणि डायोडमधून दुसऱ्याला जोडले, तर दुसरा थांबत-थांबत वाजतो. यातून ताल निघतो. या वाटेने लोक बरेच पुढे गेले आहेत. निकोलस कॉलिन्स यांचे ‘हॅण्डमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ हे पुस्तक नवशिक्यांना याच जातीच्या स्वस्त चिपांतून नेते.

हिशेब असा. ४०१०६ ची किंमत २५ ते ३०, स्पीकर वाजवायला एलएम ३८६ ची १५ ते २०, दोघींचे बेस १० रुपये. सहा कंट्रोल प्रत्येकी २० ते २५, सहा नॉब प्रत्येकी १०. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड मिळून ६०. झिरो पीसीबी ४०, स्पीकर ४०, स्विच आणि ईपी सॉकेट ३०, नऊ व्होल्टची बॅटरी क्लिपसह ४०. बेरीज साडेचारशे ते पाचशे. यातल्या दोन्ही आयसी मिळून ५० रुपयांच्या वर जात नाहीत आणि कंट्रोल-नॉबच दोनशेच्या घरात जातात.

दुकानात एक धोका आहे. ४०१०६ शिल्लक नसेल तर काउंटरवरचा मुलगा ७४एचसी१४ पुढे करतो आणि ‘सेमच आहे’ म्हणतो. पायांची रचना सारखीच आहे, कामही तेच आहे, पण ती चिप सहा व्होल्टच्या वर जगत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी लावली की खेळ संपला. घ्यायचीच असेल तर पाच व्होल्टवर, जुन्या मोबाइल चार्जरने चालवायची हे ठरवून घ्या. दुसरे म्हणजे, आयसीतले जे इन्व्हर्टर वापरत नाही त्यांचे इनपुट ग्राउंडला जोडा. मोकळे सोडलेले इनपुट भलतेसलते सिग्नल पकडते आणि बिघाड शोधताना तास न् तास जातात.

हे यंत्र थेट मिक्सरला किंवा मोबाइलला लावू नका. आतला सिग्नल नऊ व्होल्टचा असतो. १०० के आणि ४.७ के च्या दोन रेझिस्टरांनी तो विभागला की साधारण ०.४ व्होल्ट उरतो, मिक्सरला तेवढाच पुरतो. दोन रेझिस्टरांचे दोन रुपये होतात, मंडळाच्या मिक्सरचा चॅनेल गेला तर हजारोंचा प्रश्न येतो.

पाच-सहाशेचा हा टप्पा झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. ब्रेडबोर्डवर महिनाभर वाजवून बघा. हौस टिकली नाही तर नुकसान एका हॉटेलच्या जेवणाएवढे, आणि हत्यारे घरातल्या मिक्सर-पंख्याच्या दुरुस्तीला उरतातच.

खोका आणि वीज

तयार प्लास्टिकचे कॅबिनेट आकारानुसार १०० ते ३००. सुताराकडून उरलेल्या प्लायवूडची पेटी करून घेतली तर दीडशे-दोनशे. ॲक्रिलिकवर लेझर कटिंग करून अक्षरांसकट पॅनेल हवे असेल तर नागपूरला जावे लागते आणि आकारानुसार तीनशे ते सहाशे मोजावे लागतात. बॅटरीवर चालणारे यंत्र स्टीलच्या डब्यात बसवले तर बाहेरची घरघरही कमी होते, फक्त आतला बोर्ड धातूला टेकता कामा नये. भोके पाडण्याआधी माप घ्या. साध्या कंट्रोलला ७ मिलिमीटर, छोट्या ईपी सॉकेटला ६, गिटारच्या जाड पी-३८ सॉकेटला साडेनऊ-दहा. पायऱ्यांचा ड्रिल बिट दोनशे रुपयांना मिळतो आणि पातळ पत्र्यावर सर्वांत स्वच्छ भोक तोच पाडतो.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नका. गंभीर ॲनालॉग सर्किटांना अधिक १२ आणि उणे १२ असे दोन व्होल्टेज लागतात. जुन्या पद्धतीत १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, डायोड, मोठे कपॅसिटर, ७८१२ आणि ७९१२ रेग्युलेटर, फ्यूज असे चारशे-पाचशेचे काम असते. ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळे असले तरी पायांची रचना वेगळी आहे. ७९१२ ची धातूची पाठ ग्राउंडला नसून उणे इनपुटला जोडलेली असते. दोघे एका हीटसिंकवर उघडे कसले तर शॉर्ट झालाच. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला घरातले २३० व्होल्ट असतात. ज्याने ते आधी हाताळलेले नाही त्याने वायरमनला बसवून घ्यावे.

त्याहून सोपी युक्ती आहे. १२ व्होल्टचे, एक ॲम्पियरचे दोन सारखे डीसी ॲडॉप्टर घ्या, दीडशे-दोनशेला एक. एकाचे अधिक टोक दुसऱ्याच्या उणे टोकाला जोडा. तो जोड तुमचा ग्राउंड, उरलेल्या दोन टोकांना अधिक १२ आणि उणे १२. घरच्या विजेला हातही लागत नाही. भंगारवाल्याकडे जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस शंभर-दोनशेला मिळतो, त्यातही उणे १२ ची निळी तार असते. ती फार भार घेत नाही, छोट्या कामाला चालते. पण त्या डब्याचे झाकण उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही दाब राहतो.

सोबत कोणाची?

बिल खरे कमी होते ते माणसांमुळे. पीसीबी छापणाऱ्या परदेशी कंपन्या एका डिझाइनचे किमान पाच बोर्ड देतात. बोर्डांची किंमत दोन-चार डॉलर असते, पण कुरियर त्याच्या कितीतरी पट. एकट्याला पाचातले चार बोर्ड कपाटात ठेवावे लागतात. पाच जण असले की कुरियरही पाचात विभागते. रेझिस्टर शंभराच्या पाकिटात घेतले तर एकेक पन्नास-साठ पैशांना पडतो, सुटा घेतला तर रुपया-दोन रुपये. एकाने घेतलेला पायऱ्यांचा बिट पाच घरांत फिरतो.

कळमेश्वरात सिंथवाल्यांचा संघ शोधत बसू नका, आहेत त्यांतून जमवा. डीजेचे ॲम्प्लिफायर जोडणाऱ्याला भीमजयंती, गणपती आणि लग्नसराईच्या आधी फुरसत नसते, पण एरवी तो घरघर कुठून येते हे कानाने सांगतो. त्याला आयसीचे गणित ठाऊक नसेल, ग्राउंडिंगचे मात्र ठाऊक असते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे निदेशक ओळखीचे असतील तर ऑसिलोस्कोपवर तुमची लहर बघून द्या म्हणता येते. २०१६ पासून नीती आयोगाने शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान दिले आहे. जवळच्या शाळेत ती असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. तिथे सोल्डरिंग आयर्नपासून थ्रीडी प्रिंटरपर्यंतचे साहित्य बऱ्याचदा कुलपात असते. बदल्यात मुलांना एक दुपार ४०१०६ वाजवून दाखवायची तयारी ठेवा. कीबोर्ड वाजवणारा एक तरी वादक गटात हवाच. बनवणाऱ्याला सूर लागला असे वाटते, वादक लगेच सांगतो की तो चढा आहे.

जरा लांबचा प्रवास परवडत असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले ‘मेकर्स असायलम’ आता गोव्यात मोयऱ्याला आहे. दोन्ही ठिकाणी सिंथच शिकवतात असे नाही, हाताने वस्तू बनवायची सवय मात्र लागते.

मदत मागायचीही रीत आहे. ‘वाजत नाही हो’ एवढे सांगून कोणी काही करू शकत नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो, आयसीच्या प्रत्येक पायावर मोजलेले व्होल्टेज आणि कोणते सर्किट बघून बनवले ते सांगा. दुकान चालवणाऱ्याचा तासभर घेतला तर दोनशे रुपये पुढे करा. ओळखीत तो घेणार नाही कदाचित, पण पुढच्या वेळी तुम्हाला बघून शटर ओढणार नाही.

दुसरे यंत्र : डिजिटल, दीड हजार

इथे पैशांचा मोबदला सर्वांत चांगला मिळतो. ईएसपी३२ बोर्ड ४०० ते ५०० रुपये, किंवा रास्पबेरी पाय पिको ३५० ते ४५०. आवाज बाहेर काढायला पीसीएम५१०२ मॉड्यूल ३०० ते ४००. मूळ ईएसपी३२ मध्ये स्वतःचा आठ बिटांचा कन्व्हर्टर आहे, पण तो खरखरतो. इथे ३०० रुपये वाचवू नका. चार कंट्रोल, नॉब, बटणे दोनशे. छोटा ओलेड डिस्प्ले २००, तो नसला तरी चालते. खोका धरून एकूण बाराशे ते सोळाशे. आर्डुइनो नॅनोवर ‘मोझी’ ही मोफत लायब्ररी घालून हजाराच्या आतही भागते, आवाज जरा जाडाभरडा येतो.

या बोर्डावर पहिला प्रकल्प कोणता, असे विचाराल तर मी तानपुरा सांगेन. भजनी मंडळाला तो लगेच उपयोगी पडतो. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, त्यातून ‘रॅडेल’ उभी राहिली. तेव्हा ते सर्किटाचे काम होते, आज ते पन्नास-साठ ओळींच्या प्रोग्रॅमचे आहे. केव्हिन कार्पलस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये छेडलेल्या तारेची सोपी रीत मांडली. थोडा गोंगाट एका रांगेत भरायचा, तो रांगेत फिरवत राहायचे आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. गोंगाट विरत जातो आणि तार छेडल्याचा आवाज उरतो. रांगेची लांबी हाच सूर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर काळी एकच्या मध्य षड्जाला ३१८ घरे लागतात, मंद्र पंचमाला ४२४, खर्जाला ६३६. या आकड्यांतून पंचम षड्जाशी नेमका बसतो. कॅसिओचा पंचम किंचित उतरलेला असतो, कारण कीबोर्डाचे बारा स्वर समान वाटणीचे असतात. जवारी मात्र या रीतीने येत नाही, तिच्यासाठी प्रोग्रॅममध्ये वेगळी खटपट करावी लागते.

पट्ट्या हव्या असतील तर जुना कीबोर्ड मिडीने जोडा. घेण्याआधी त्याची मागची बाजू बघा. पाच भोकांचे गोल मिडी सॉकेट असेल तर ६एन१३८ हा ऑप्टोकपलर आणि एक सॉकेट मिळून शंभर रुपयांत काम होते. फक्त यूएसबी असेल तर तो कीबोर्ड कॉम्प्युटरची वाट बघत बसतो. पिकोकडून ते काम करून घेता येते, पण नवशिक्याने त्यात पडू नये.

तिसरे यंत्र : मॉड्यूलर, आणि मे महिना

तारा खोचून वाजवायचे ॲनालॉग मॉड्यूलर हे अनेकांचे स्वप्न असते. १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग मॉड्यूलर उभा केला होता, तेव्हा तो एखाद्या संस्थेलाच परवडणारा होता. आता तो माणसाला परवडतो, पण सावकाश. दोन ऑसिलेटर, फिल्टर, ॲम्प्लिफायर, एन्व्हलप, वीज आणि चौकट असा सर्वांत लहान संच इथे सुटे भाग जमवून बनवला तरी बारा ते वीस हजार धरा. परदेशी किट मागवली तर सीमाशुल्क आणि कुरियर धरून तिच्या छापील किमतीच्या दीडपट तरी बाजूला ठेवा. परदेशातल्या भाच्याने भेट म्हणून पाठवले की सुटते, हा समज जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंवरची ती सवलत राहिलेली नाही. एलएम१३७०० सारख्या चिप अगदी स्वस्तात दिसल्या तर सावध राहा. जुन्या आयसीवरचा छाप घासून नवा मारलेला माल बाजारात फिरतो.

त्यात विदर्भाची एक खास अडचण आहे. ॲनालॉग ऑसिलेटरचा सूर ट्रान्झिस्टरच्या तापमानावर अवलंबून असतो आणि दर अंशाला त्याची पट्टी साधारण ०.३३ टक्के बदलते. सकाळी ३० अंशांत लावलेले यंत्र दुपारी ४० अंशांच्या खोलीत एका सप्तकात जवळजवळ ४० सेंट चुकते, तीन सप्तकांत एका अर्ध्या स्वराहून जास्त. युरोपातल्या खोलीत बसून लिहिलेल्या सूचनांमध्ये याची फारशी काळजी दिसत नाही. उपाय म्हणजे ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर. तो सीताबर्डीत मिळेल असे धरू नका, बाहेरून मागवला तर एकेक शंभर-दीडशेला पडतो. किंवा तापमानाची भरपाई आतच असलेली एएस३३४० सारखी चिप घ्या, सहाशे ते हजार रुपये. म्हणून ज्यांना सुरात वाजवायचे आहे त्यांनी ऑसिलेटर डिजिटल ठेवावा आणि फिल्टर ॲनालॉग करावा. डिजिटल बोर्डाचा सूर स्फटिकावर चालतो, तो मे महिन्यातही जागचा हलत नाही. फिल्टरमध्ये थोडी घसरण झाली तरी कानाला खटकत नाही, आणि पाच-सहाशेत ॲनालॉगची ऊबही येते.

मांडवात यंत्र नेणार असाल तर आणखी तीनशे रुपये बाजूला काढा. पी-३८ ची चांगली शील्डेड वायर, एक जास्तीचा ॲडॉप्टर आणि दोन फ्यूज. मांडवातली वीज जनरेटरवर असते, अर्थिंग कधी असते कधी नसते. घरघर आली तर मिक्सर आणि सिंथ एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही गेली नाही तर ॲडॉप्टर काढून बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर वाजवा. ईएसपी३२ चे यंत्र दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर कार्यक्रमभर चालते. काही पॉवर बँका कमी वीज ओढणारे यंत्र दिसले की स्वतःच बंद पडतात. हे घरी तासभर चालवून तपासा, स्टेजवर नको.